वसंताचा प्रसाद



चैत्र लागला की पंढरीत देवाच्या उपचारांत फरक पडतो. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र निघेपर्यंत श्रीविठ्ठलाच्या अंगाला दुपारी चंदनाची उटी लावतात. त्याआधी वसंतपंचमीला देवाचे लग्न लागते आणि तेथपासून रंगपंचमीपर्यंत देव पांढरा पोशाख लेतो, त्यावर गुलाल उधळला जातो. मग येते चैत्र शुद्ध एकादशी. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्या आपण मानतो, त्यांतली ही भर वसंतातली वारी. म्हणजे पाहा, कटीवर कर ठेवून उभा असलेला देवसुद्धा ऋतू पाळतो. त्याला उकडते, त्याला गारवा हवासा वाटतो, त्याला रंग खेळावासा वाटतो. मग त्याच्या दासांनीच वसंताकडे पाठ फिरवून बसावे, असा हट्ट कुणी का धरावा?

हा प्रश्न आम्ही उगीच काढलेला नाही. तो आम्हांला अंबरनाथ मुक्कामी एका कामगाराने विचारला. त्याचे उत्तर देता देता आमचेच उत्तर आमच्या गळ्यात कसे आले, ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो.

दोन वर्षांमागे चैत्रात अंबरनाथच्या एमआयडीसीलगत एका चाळीत सप्ताह होता. भजनी मंडळी सगळी पाळीवर जाणारी. पहिल्या पाळीचे टाळकरी हरिपाठाला, तर रात्रपाळीहून सुटलेले टाळकरी थेट काकड्याला. असा टाळांनाही पाळ्यांचा हिशेब लागलेला. कुणी कोकणातला, कुणी सातारचा, कुणी खानदेशातला. पोटापाण्यासाठी येथे आले, पण येताना गळ्यातली माळ गावी ठेवून आले नाहीत. अशा मंडळींपुढे बोलताना आम्हांला फार बरे वाटते. कारण ते आठ तास उभे राहून मग पुन्हा देवापुढे उभे राहतात.

दुसऱ्या दिवशी काकडा झाल्यावर एक गृहस्थ पाया पडून म्हणाले, "बुवा, एक विचारू का? रविवारी सुट्टी असते. आमची मंडळी म्हणते, पोरांना घेऊन बागेत जाऊ, तळ्यावर जाऊ. मी म्हणतो, अगं, आपण माळकरी माणसं. बागेत बसून वारा खाणं म्हणजे विषयसुख. त्यापेक्षा घरी हरिपाठ करू. ती म्हणते, पोरं वर्षभर धूर गिळतात, एक दिवस झाडाखाली बसली तर देव रागावतो का? आता तुम्हीच सांगा. रागावतो का हो?"

मंडळी हसली. आम्हीही हसलो आणि "उद्याच्या प्रवचनात सांगतो, माउली" असे म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. विषयांचा त्याग करा, असे संत सांगतात ना? मग कोकिळेचा स्वर हा कानाचा विषय, आंब्याच्या मोहराचा वास हा नाकाचा विषय, तळ्यावरचा गार वारा हा त्वचेचा विषय. त्या माउलीचे म्हणणे खरे की त्या गृहस्थांचे? दोघेही खोटे बोलत नव्हते, हीच तर अडचण होती.

तेव्हा आम्ही रात्री ज्ञानेश्वरी उघडली. शके 1212 मध्ये नेवाशास सांगितलेल्या या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात, योगाभ्यासाला बसावे तरी कुठे, याचे वर्णन माउलींनी केले आहे. भगवंतांनी गीतेत एवढेच सांगितले की जागा शुद्ध असावी. तेवढ्या शब्दावर ज्ञानोबारायांनी सबंध एक बाग उभी केली! पावलोपावली पाणी हवे, आणि ते पावसाळ्यातसुद्धा निवळ हवे. झाडे दाट हवीत, सदा फळणारी, मुळापर्यंत गोड. ऊन असावे, पण कोवळे. वारा असावा, पण हलकेच झुळकणारा. श्वापदांची वर्दळ नसावी. पाण्याच्या कडेला हंस असावेत, दोन-चार सारस असावेत, एखादे वेळी कोकीळ येऊन बसावा. मोर तर कायमचे नकोत, पण येऊनजाऊन असले तर आमची हरकत नाही, असे माउली म्हणतात. केवढा हा गोडवा! आणि शेवटी सांगतात की अशा ठिकाणी एखादा आडबाजूचा मठ असावा, नाहीतर शिवालय असावे.

आता नीट ध्यान द्या. अशी जागा पाहिली म्हणजे काय होते, असे माउली सांगतात? बसलेल्याला उठावेसे वाटत नाही, एवढ्यावर ते थांबत नाहीत. ती जागा पाहून वैराग्य दुणावते, असे म्हणतात. सहज वाटेने जाणारा नास्तिक तेथे आला तरी त्याला तप करावेसे वाटते. भोगात बुडालेल्यालाही वाटते की राज्य सोडावे आणि येथेच निवांत राहावे. म्हणजे रम्य जागेने आसक्ती वाढते, हा आपला समज माउलींनी मुळातच उलटा केला. खरी रम्यता माणसाचा हावरेपणा वाढवीत नाही, तो उतरवते. बाजारात गेले की हे हवे, ते हवे असे होते. झाडाखाली बसले की आता काही नको असे होते. जिथे "काही नको" असे वाटते ती जागा विषयाची कशी? ती तर देवाच्या उंबरठ्याची जागा.

तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसत, ते काय विषयसुखासाठी? आळंदीला समाधीपाशी अजानवृक्ष आहे, त्याच्या सावलीत आजही पारायण चालते. सावता महाराज तर अरणचे माळी. मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच देव पाहिला; म्हणून देवालाच त्यांच्याकडे जावे लागले. इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात, पण पांडुरंगाची पालखी सावतोबांच्या भेटीला अरणला जाते, अशी परंपरा आहे. मळ्यात राबणाऱ्याच्या दारी देव आला, तो मळा विषय मानायचा की मंदिर, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही हे सारे सांगितले. सांगताना रंग चढला. त्या गृहस्थांकडे पाहून म्हणालो, "माउली, तुमच्या मंडळींचा विजय झाला. न्या पोरांना बागेत!" सारी चाळ हसली. मागे बायकांत बसलेल्या त्या माउलीने पदर तोंडाला लावला.

आणि खरेच, या मुलखात वसंत पाहायला दूर जावे लागत नाही. सह्याद्रीत उगम पावून येणारी उल्हास नदी बदलापुरावरून पुढे कल्याणच्या खाडीकडे जाते. नावच पाहा, उल्हास! फाळणीनंतर सिंधी बांधव घरदार टाकून कल्याणच्या छावणीत आले, तेव्हा 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीची कोनशिला बसली आणि तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. सर्वस्व गमावून आलेल्या माणसांच्या गावाला आनंदाचे नाव मिळाले, आणि त्यांनी ते कष्टाने खरे करून दाखवले. चैत्रात या खोऱ्यात फिरावे. पळस आणि पांगारा पेटलेले असतात, काटेसावरीखाली तांबड्या फुलांचा सडा असतो, पिंपळाची तांब्याच्या रंगाची कोवळी पाने वाऱ्याशिवायही हलतात. करंज नुकता पालवतो आणि त्याची सावली जणू धुऊन काढल्यासारखी हिरवी वाटते. पुढे बहावा पिवळा होतो. क्षितिजावर मलंगगडाचा सुळका. एका अंगाला चिखलोलीचे धरण, काकोळ्याच्या बाजूला रेल्वेचे जुने तळे, बदलापुराच्या पलीकडे बारवीचा मोठा जलाशय. शहरात नगरपालिकेच्या लहानसहान बागा. गाडीत बसून ठाण्याला गेले तर ते तर तलावांचेच शहर. मासुंद्याच्या काठी संध्याकाळी मुलेबाळे घेऊन लोक बसतात आणि तेथल्या कौपिनेश्वराला हात जोडून घरी जातात. कामकरी माणसाचे वैकुंठ याहून महाग नसते. भेळेचा एक पुडा, पाण्याची एक बाटली आणि झाडाची सावली.

असो. सप्ताहाची समाप्ती झाली. काल्याचे कीर्तन झाले, दहीहंडी फुटली, प्रसाद वाटला. त्या दिवशी मंडळींनी आम्हांला अंबरनाथाच्या दर्शनाला नेले. वारकरी शिवालयात कसा, असे कुणी विचारील. तर आपल्या विठ्ठलाने मस्तकी शिवलिंग धारण केले आहे, अशी आपल्या संतांची शिकवण आहे. जो एकादशी करतो तो सोमवारही मानतो.

हे देऊळ फार जुने. शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळचा शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख तेथे आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हाच या देवळाला 230 वर्षे झालेली होती. काळ्या दगडाच्या भिंतींवर एक तसूभर जागा कोरीव कामावाचून नाही. सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जावे लागते, आणि वर पाहावे तर छत नाही, थेट आकाश. चैत्रातले ऊन त्या वरच्या उघड्या जागेतून उतरून पिंडीपाशी येते. तेथे उभे असताना आमच्या मनात एकदम आले की अरे, माउलींनी सांगितलेली जागा हीच की! शिवालय आहे, भोवती झाडी आहे, कोवळे ऊन आहे, आणि देवळाला लागून पाणी वाहते आहे. कुठल्याशा झाडावरून त्याच क्षणी कोकीळ बोलला. आमचे डोळे भरून आले, हे सांगायला लाज कशाची?

पण बाहेर आलो आणि वास आला.

देवळाला लागून वाहते ती वालधुनी. काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून ही लहानशी नदी निघते, अंबरनाथाच्या पायाशी येते, पुढे उल्हासनगरातून कल्याणला जाऊन उल्हासाच्या खाडीला मिळते. ती आम्ही पाहिली तेव्हा पाणी काळपट होते, कडेला फेस होता, काठावर पिशव्यांचे ढीग अडकले होते. एक गाय काठाशी उतरली, तिने मान खाली घातली, हुंगले आणि न पिता ती माघारी वळली.

आता आमचे पाप सांगतो. सप्ताहाचे सारे निर्माल्य, म्हणजे सात दिवसांचे हार, तुळशी, फुले, नारळाच्या शेंड्या, दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून मंडळींनी बरोबर आणले होते. "नदीत सोडायचे ना, बुवा?" असे त्यांनी विचारले. आम्ही हो म्हणालो. इतकी वर्षे हेच करीत आलो होतो, विचार कसला करायचा? पिशव्या पाण्यात पडल्या. एक बुडाली, दुसरी फुगून तरंगत राहिली.

मागून एक म्हातारी माउली पुढे आली. बागेचा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांची ती आई. तिने हळूच विचारले, "बुवा, या पाण्याचं तीर्थ तुम्ही घ्याल का?"

आम्ही गप्प झालो.

ती म्हणाली, "राग मानू नका. काल तुम्ही सांगितलंत की देवाच्या जागेला निवळ पाणी लागतं. मी म्हटलं, विचारावं."

सज्जनहो, आम्ही आयुष्यभर प्रवचने केली, पुष्कळ शंकांचे निरसन केले. पण एवढे साधे आणि एवढे अवघड आम्हांला कुणी विचारले नव्हते. नाथबाबांनी काशीहून खांद्यावर वाहून आणलेली गंगेची कावड रामेश्वराच्या वाटेवर तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिती केली, ही कथा आम्ही शंभरदा सांगितली असेल. आणि येथे तहानलेली गाय पाण्यावरून परत फिरली, त्याच पाण्यात आम्ही पिशवी टाकून मोकळे झालो! नाथांनी देवाचे पाणी जनावराला दिले. आम्ही जनावराचे पाणी देवाच्या नावाने नासले. कोणत्या तोंडाने आम्ही ती कथा पुन्हा सांगणार?

आमचा चेहरा पाहून ते गृहस्थ पुढे झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "बुवा, तुमची पिशवी काय घेऊन बसलात? मी केमिकलमध्ये आहे. रात्रपाळीला नाल्यात काय सोडतात ते मला ठाऊक आहे. कधी कधी व्हॉल्व्ह फिरवणारा हात माझाच असतो. आणि रविवारी याच पाण्याकाठी मी पोरांना खेळायला आणतो. आता सांगा, देव रागावतो का?"

प्रश्न तोच होता, पण आता त्याला हसणारे कुणी नव्हते.

आम्ही त्यांना काय सांगावे? नोकरी सोडा म्हणावे, तर चार लेकरांच्या तोंडचा घास काढल्यासारखे होते. असू द्या म्हणावे, तर माळेला खोटे पडल्यासारखे होते. कारखान्यांनी या भागाला भाकरी दिली हे आम्ही विसरत नाही. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि अशा वसाहतींतून गावोगावच्या पोरांना काम मिळाले. पंढरीच्या वारीचा खर्चही कितीकांचा त्याच पगारातून निघतो. पण त्याच बरोबर हेही खरे की 2014 च्या नोव्हेंबरात उल्हासनगरात कुणीतरी टँकरमधून वालधुनीत रसायन ओतले, आणि त्या वाफांनी काठावरच्या शेकडो लोकांना दवाखाना गाठावा लागला. उल्हास आणि वालधुनी यांचा खटला हरित न्यायाधिकरणापुढे गेला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1974 पासून पाणी नासवणाऱ्याविरुद्ध देशात कायदा आहे. म्हणजे हे पाप नुसते परलोकातले नव्हे, इहलोकातही गुन्हाच आहे.

आम्ही थोडा वेळ नाम घेतले आणि मग जे सुचले ते बोललो. ते असे.

"माउली, पंढरीची वाट तुम्ही एकट्याने चालता का? नाही. दिंडीत चालता. एकटा माणूस वाटेत थकतो, वाट चुकतो, कुणी दमदाटी केली तर परत फिरतो. दिंडी परत फिरत नाही. तुमच्या पाळीत माळकरी किती? पाच? मग ती दिंडीच झाली. तुम्ही एकट्याने व्हॉल्व्हवरचा हात काढलात तर उद्या दुसऱ्याचा हात तेथे येईल. पाचांनी एकत्र जाऊन साहेबांना नम्रपणे सांगा की आमची पोरं या पाण्याकाठी खेळतात. ऐकले नाही तर प्रदूषण मंडळाचे दार आहे, युनियनचे दार आहे, वर्तमानपत्र आहे. पण पहिले पाऊल देवाच्या नावाने आणि पाचांनी मिळून. यात तुमच्यावर काही येणार नाही, असे वचन आम्ही देऊ शकत नाही. जाणून केले नि जाणून गप्प राहिले, याचे ओझे मात्र माळेला पेलत नाही."

ते काही बोलले नाहीत. वाकून त्यांनी आईचा हात धरला. मग आम्ही धोतर खोचून काठाशी उतरलो आणि ती तरंगणारी पिशवी काठीने ओढून बाहेर काढली. बुडालेली काही हाती लागली नाही. ती अजूनही तेथेच असेल, आमच्या खात्यावर.

आता या हकीकतीतून सिद्धान्त काय निघतो तो पाहू.

उपभोग आणि प्रसाद यांत वस्तूचा फरक नाही. तोच पेढा हलवायाच्या दुकानात उपभोग आहे आणि देवापुढे ठेवून हाती आला की प्रसाद आहे. फरक घेणाऱ्याच्या भावात आहे. उपभोगाला खाऊन झाले की संपले. प्रसादाला आधी हात पुढे करावा लागतो, मग तो कपाळाला लावावा लागतो, कण खाली सांडला तर उचलावा लागतो आणि मागे उभ्या असलेल्याला उरेल एवढाच घ्यावा लागतो. प्रसाद खाऊन कुणी द्रोण गाभाऱ्यात फेकतो का? फेकला तर पुजारी हाकलून देईल. मग झाडाखाली बसून खाल्लेल्या भेळेचा कागद तेथेच टाकून कसे चालेल? ते झाडही गाभाराच आहे, फक्त तेथे हाकलायला पुजारी नाही. जेथे पुजारी नसतो तेथेच खऱ्या भक्ताची परीक्षा होते.

तेव्हा त्या माउलीचे म्हणणे खरे, आणि त्या गृहस्थांचेही. वसंत प्रसाद म्हणून घेतला तर देव रागावत नाही, उलट जवळ येतो. उपभोग म्हणून घेतला तर मात्र तो विषयच, मग वरून कितीही हरिपाठ म्हणा. आणि प्रसादाची एक खूण आम्हांला त्या म्हातारीने शिकवली: ज्या जागेचे पाणी तुम्ही तीर्थ म्हणून घ्याल, ती जागा देवाची राहिली. जेथे तीर्थ घ्यायला ओठ कचरतात, तेथे आपले काहीतरी चुकले आहे.

दुसरी खूण तुकोबारायांच्या चरित्रात आहे. पाखरे आपल्याला पाहून उडाली याचे त्यांना वाईट वाटले, अशी कथा सांगतात. आपल्यात असे काय आहे की या जीवांनी भ्यावे, असे त्या महात्म्याला वाटले. आपण बागेत गेल्यावर पाखरे उडतात की थांबतात, एवढे पाहिले तरी आपल्या परमार्थाचा हिशेब कळेल. आणि येथे आम्ही वारकरी मंडळींचाही कान धरतो. माउलींनी त्या जागेत शांतता सांगितली आहे, कोकीळसुद्धा एखादे वेळीच. आणि आपण देवळाच्या आवारात चारी दिशांना कर्णे लावून भजन करतो! नाम मोठ्याने घ्यावे, ते कंठाने; यंत्राने घेतलेल्या नामाला पाखरेही राहत नाहीत.

आता करायचे काय, ते थोडक्यात सांगतो. प्रवचन ऐकून माणूस विचारतो की मग नियम काय, आणि ते योग्यच आहे.

चैत्र-वैशाखात आठवड्यातून एकदा तरी घरच्या माणसांसह झाडाखाली किंवा पाण्याकाठी बसावे. मुलांना झाडांची नावे सांगावीत. येत नसतील तर आधी आपण शिकावीत. घडीभर फोन बाजूला ठेवून गप्प बसावे आणि ऐकावे. मग हरिपाठाचे चार अभंग हळू आवाजात म्हणावेत. उठताना जे आणले ते परत न्यावे, आणि दुसऱ्याने टाकलेली एक वस्तू उचलावी. आपल्या पूर्वजांनी चैत्रात पाणपोई घालायची आणि अक्षय्यतृतीयेला पाण्याचा घडा दान करायचा, असा धर्म सांगितला आहे. त्याप्रमाणे गॅलरीत पाखरांसाठी एक मातीचे भांडे भरून ठेवावे, बागेतल्या एका रोपट्याला आपले म्हणून पाणी घालावे. आणि धरणाकाठी, ओढ्याकाठी जाताना पाण्याची खोली ठाऊक नसेल तर उतरू नये. देवाने दिलेला देह हाही प्रसादच आहे.

निर्माल्याचा नियम तर पक्काच करावा. देवाला वाहिलेले फूल मातीत जाऊ द्यावे. तुळशीच्या किंवा झाडाच्या बुंध्याशी खड्डा करून त्यात घालावे. पावसाळ्यानंतर त्याचेच खत होते आणि तेच फूल पुढच्या वर्षी झाडावर परत येते. ही देवाची खरी पुनर्भेट. प्लास्टिकची पिशवी कुठल्याही तीर्थात सोडणे म्हणजे देवाच्या तोंडात काटा टोचणे होय.

गेल्या चैत्रात आम्ही पुन्हा त्याच चाळीत सप्ताहाला गेलो. ते गृहस्थ टाळ घेऊन उभे होते. सांगायला हरकत नाही की ते आता त्या ठिकाणी कामाला नाहीत. दुसरीकडे लागले, पगार थोडा कमी आहे. पाचांपैकी तिघे शेवटपर्यंत बरोबर राहिले, दोघे मागे फिरले. त्या दोघांनाही आम्ही दोष देत नाही. नाल्याचे काय झाले, असे विचारले तेव्हा ते म्हणाले, "बुवा, रात्री आता मी तिथं नसतो, त्यामुळे सांगता येत नाही. पण माझा हात तरी तिथं नाही." आम्हांला वाटते, या एका वाक्यात चैत्राची वारी झाली.

चाळीच्या मागे कुंपणालगत एक खड्डा खणलेला होता. सात दिवसांचे निर्माल्य त्यात पडत होते आणि कडेला मंडळींनी एक बहाव्याचे रोप लावले होते. वीतभर उंच. ते फुलायला अजून कित्येक वर्षे लागतील. म्हातारी रोज त्याला तांब्याभर पाणी घालते. आम्ही निघताना तिने त्याच तांब्यातले पाणी आमच्या ओंजळीत घातले आणि म्हणाली, "नळाचं आहे हो, घ्या."

आम्ही ते डोळ्यांना लावून प्यालो. नदीकाठी असेच निःशंक ओंजळ धरता येईल, तो दिवस पांडुरंगाने या खोऱ्याला दाखवावा, आणि तो यावा म्हणून आपला हात कामी यावा, एवढेच त्याच्या चरणी मागणे.

रामकृष्ण हरि!